‘स्वकर्तृत्वा’ची झडती : वालचंद-चरित्राच्या निमित्ताने

‘स्वकर्तृत्वाने मोठा झालेला माणूस’ हा मराठी चरित्रवाङ्मयाचा फार जुना आणि लाडका नायक आहे. तो शून्यातून वर येतो, घरच्यांचा विरोध पत्करतो, अपयश पचवतो आणि शेवटी त्याच्या नावाचे गाव वसते किंवा महाविद्यालय निघते. आमच्याकडे परभणीला वक्तृत्वस्पर्धेच्या विषयांत दर दोन-तीन वर्षांनी हा नायक हजर असतो. कधी तो किर्लोस्कर असतो, कधी गरवारे. आणि ‘जहाज, रेल्वे, विमान, मोटार’ अशी चढती भाजणी हवी असेल तेव्हा तो वालचंद हिराचंद असतो. आमची मुले ही भाषणे पाठ करतात. गंगाखेड, पालम, सोनपेठकडून आलेली, दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेल्यामुळे खोलीवर एकटी राहणारी ही मुले. ती मोठ्या आवाजात सांगतात की माणसाने मनात आणले तर तो काहीही करू शकतो. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत आपल्याच आईबापांवर एक आरोप दडलेला आहे, याची त्यांना कल्पना नसते. तुमच्या बापाने मनात आणले नाही, असा तो आरोप. म्हणून या चरित्राची झडती घेणे मला आवश्यक वाटते.

वालचंदांविषयी गं. दे. खानोलकरांनी सविस्तर चरित्र लिहिले आहे. पुढे गीता पिरामल यांनीही भारतीय उद्योगमहर्षींवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांना मोठी जागा दिली. परंतु मला येथे एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करावयाचे नाही. पाठ्यपुस्तके, स्मरणिका, पुतळ्याच्या अनावरणाची भाषणे आणि वर्तमानपत्रांचे जयंतीलेख यांतून जी एक ठराविक ‘वालचंद-कथा’ तयार झाली आहे, तिची तपासणी करावयाची आहे.

कथेतील तपशील खरे आहेत. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात गुजराती दिगंबर जैन कुटुंबात वालचंदांचा जन्म झाला. ते मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत शिकले, पण पदवी न घेता बाहेर पडले. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाबरोबर भागी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. पहिले काम बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे, येडशी-तडवळे भागातले. पुढे बोगदे, पूल, लष्करी बांधकामे. १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी; १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन; १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना; १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी; १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. शिवाय रावळगाव आणि कळंब-वालचंदनगर येथील साखर. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. एका आयुष्यात हे सारे घडवून आणणारा माणूस सामान्य नव्हता. हे मान्य करण्यात कोणाचेही काही बिघडत नाही.

प्रश्न आहे तो ‘शून्यातून’ या शब्दाचा. वालचंदांच्या घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. हे शून्य आहे काय? कंत्राट मिळवायचे म्हणजे काय करावे लागते, याचा कथाकार कधी विचारच करीत नाही. आधी अनामत रक्कम लागते. बिल निघेपर्यंत मजुरांना आठवड्याचा पगार चुकवण्यापुरती रोकड लागते. टेंडर वाचण्याइतके इंग्रजी लागते. आणि या तिन्हींहून आधी लागते ते इंजिनियर साहेबाच्या कचेरीची पायरी चढता येणे. पहिल्या तीन गोष्टी पैशाने किंवा शिक्षणाने मिळवता येतील. चौथी १९०३ सालच्या सोलापूर जिल्ह्यात जन्माने मिळत होती.

त्याच काळातला रेल्वेचाच एक प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघालेला भीमराव नावाचा मुलगा भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरला. कपडे चांगले, डोक्यावर टोप्या. स्टेशनमास्तराने आस्थेने चौकशी केली. पण ‘आम्ही महार आहोत’ हे उत्तर ऐकताच त्याचा चेहरा बदलला. मुलांकडे पैसे होते आणि ती दुप्पट भाडे देण्यास तयार होती, तरी गाडीवान मिळेना. अखेर मुलांनीच बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असा तोडगा निघाला. रेल्वेने जात मोडली असे आपण पुस्तकात वाचतो. डब्यात ती थोडीफार मोडली असेलही, पण फलाटावर उतरल्याबरोबर ती पुन्हा हजर होती. आता ही दोन दृश्ये शेजारी ठेवा. दोन-तीन वर्षांच्या अंतराने एक तरुण रेल्वेच्या कंत्राटावर सही करतो आहे. आणि खिशात पैसे असलेल्या एका मुलाला रेल्वेच्या स्टेशनवरून बैलगाडी मिळत नाही. ‘कर्तृत्व’ हा शब्द वापरण्यापूर्वी हे अंतर मोजले पाहिजे.

शेठजी आणि भटजी यांची भागी असे म्हणून वालचंद-फाटक जोडीवर एक ओळ फेकून देणे सोपे आहे. आपल्या सभांतून ते टाळी घेईलही. पण मला ते पुरेसे वाटत नाही. त्या भागीचे आर्थिक रूप अधिक बोलके आहे. एकाकडे भांडवल होते, दुसऱ्याकडे कचेरीतील ज्ञान. दर कसे भरतात, मोजमाप-वहीत काय लिहितात, कोणत्या साहेबाला काय पटते, हे ते ज्ञान. भांडवल आणि कचेरीज्ञान या दोन्ही गोष्टी शतकानुशतके ठराविक जातींच्या घरांत साठत आलेल्या होत्या. दोघे एकत्र आले आणि कंपनी उभी राहिली. तिसरा घटक जो श्रम, तो भागीत कधीच नव्हता. तो ‘रोजाने’ होता.

लोहमार्ग म्हणजे आधी माती. भराव घालणे, कापणी करणे, खडी फोडणे. महाराष्ट्रातील हे काम वडार, बेलदार, महार, मांग यांच्या अंगावर उभे आहे. बोरघाटाचा मूळ मार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. एका टप्प्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते आणि पटकीसारख्या साथींनी ते पटापट मेले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ साली येथे येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, ते काम पुरे केले, हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. नोंदवावे असेच ते आहे. परंतु डोंगराच्या पोटात गेलेल्या एकाही वडाराचे नाव आपल्याला सांगता येत नाही. पुढे १९२० च्या दशकात त्याच घाटात नवे बोगदे झाले, त्यांत वालचंदांच्या बांधकाम कंपनीचा हात होता. या वेळी कंत्राटदार देशी झाला, म्हणून राष्ट्रीय अभिमानाने ऊर भरून आला. टोपलीखालचे डोके मात्र तेच राहिले.

सोलापूरचीच आणखी एक गोष्ट. ज्या शहराने वालचंद दिले, त्याच शहरात इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींची सेटलमेंट वसवली. कैकाडी, पारधी आणि इतर अनेक जमातींची माणसे तारेच्या कुंपणात ठेवली. हजेरी द्यायची आणि सोलापूरच्या गिरण्यांत राबायचे. १९११ च्या कायद्याने संपूर्ण जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवता येत होती. ज्या काळात एका शेठच्या मुलाविषयी ‘जन्माने नव्हे, कर्माने मोठा’ असे लिहिले जाऊ लागले, त्याच काळात त्याच गावात दुसऱ्या माणसांच्या कपाळावर ‘कर्माने नव्हे, जन्माने गुन्हेगार’ असा शिक्का मारला जात होता. वालचंद-कथा सांगणाऱ्यांना हे कुंपण दिसत नाही.

आता जहाजांकडे येऊ. वालचंदांच्या आयुष्यातील हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो; आणि गंमत अशी की चरित्रकथेने तोच सर्वांत उथळ करून टाकला आहे. दिल्लीहून मुंबईला येताना गाडीत एका साहेबाकडून कळले की ग्वाल्हेरच्या शिंद्यांची एक आगबोट विक्रीस आहे, आणि वालचंदांनी ती घेण्याचे ठरवले, अशी ती नाट्यपूर्ण कथा आहे. (साहेबाशी बरोबरीने गप्पा मारता येतील अशा डब्यात बसण्याचीही एक पात्रता असते, ते असो.) ही बोट मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. शिंद्यांनी महायुद्धात तिचे रुग्णालय-जहाज केले आणि नाव ठेवले ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा! त्याच नावाने ती ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. स्वदेशी जहाजवाहतुकीचा आरंभ ‘राजनिष्ठे’ने व्हावा, हा काव्यगत न्याय कोणाला सुचला नसता. ५ एप्रिल हा आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास हे वालचंदांचे सहकारी होते. अर्थात ही ‘एकट्याची’ झेप नव्हतीच.

‘लॉयल्टी’ तोट्यात गेली आणि १९२३ साली मोडीत निघाली. खरी लढाई किनाऱ्यावर होती. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीची तेथे मक्तेदारी होती. ती टिकवण्याची दोन हत्यारे होती. पहिले, नवी कंपनी आली की भाडे इतके उतरवायचे की ती बुडालीच पाहिजे. बडी कंपनी दुसऱ्या मार्गांच्या नफ्यावर जगते. दुसरे हत्यार अधिक कावेबाज होते. व्यापाऱ्याने वर्षभर सारा माल आमच्याच बोटीने पाठवला तर भाड्यातील काही हिस्सा त्याला परत. पण तो लगेच नाही, काही महिन्यांनी. मध्येच त्याने दुसऱ्याच्या बोटीत एक पोते जरी टाकले, तरी साठलेली सगळी सूट बुडाली. व्यापारी आपल्याच पैशाने बांधला जात असे. उचल घेऊन कोयत्याला बांधली गेलेली जोडपी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. तेथे आगाऊ देऊन बांधतात, येथे मागे ठेवून बांधत.

या मक्तेदारीविरुद्ध वालचंद आणि त्यांचे सहकारी काय मागत होते? १९२८ साली सिंदियाशी निगडित असलेले सराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात एक विधेयक आणले. भारताच्या किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी *राखून* ठेवावी, असे ते विधेयक होते. म्हणजे आरक्षण! त्यामागचा युक्तिवाद असा : दोन असमानांतील स्पर्धा ही स्पर्धाच नव्हे. ज्याला दीडशे वर्षे पुढे राहू दिले त्याच्याशी आज अचानक ‘खुल्या मैदानात’ धाव म्हणणे हा अन्याय आहे. ज्याने आपल्याला मागे ठेवले, त्या सत्तेनेच आपल्याला संरक्षण दिले पाहिजे. इंग्रज कंपन्यांचे म्हणणे उलट होते. व्यापारात गुणवत्ता चालते, राखीव जागा नव्हेत. असले विधेयक म्हणजे आमच्याविरुद्ध भेदभाव होय.

हा वाद वाचताना मी वारंवार थांबलो. कारण त्याच १९२८ साली बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांसाठी राखीव जागा आणि संरक्षणे मागत होते. युक्तिवाद अक्षरशः तोच. असमानांतील स्पर्धा ही स्पर्धा नव्हे. पण एका मागणीला ‘राष्ट्रीय’ म्हटले गेले आणि दुसरीला ‘राष्ट्रविघातक’. हाजींचे विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे धोरण आले. ते योग्यच होते. त्याबद्दल ‘गुणवत्तेचा ऱ्हास झाला’ असा अग्रलेख कोणी लिहिला नाही. देशातील ज्या भांडवलदारवर्गाने आरक्षणाच्या तत्त्वावर स्वतःचा किनारा मिळवला, त्याच वर्गाची मुलेनातवंडे आज आरक्षणाला कुबड्या म्हणतात. खाजगी उद्योगांत सामाजिक न्यायाची गोष्ट निघाली की त्यांना गुणवत्तेची आठवण होते. वालचंदांना ‘स्वयंनिर्मित’ म्हणण्यात खरा अन्याय वालचंदांवरच होतो. संरक्षणाशिवाय दुर्बळ उभा राहू शकत नाही, हे त्यांना चांगले कळले होते आणि त्यासाठी त्यांनी आयुष्यभर भांडण केले. चरित्रकथेने त्यांचे हे शहाणपण काढून टाकले आणि फक्त जिद्द शिल्लक ठेवली.

अर्थात त्या शहाणपणाला मर्यादा होती. जहाजावर वर्णव्यवस्था होतीच. त्या काळच्या आगबोटींवर कामे धर्म-जातीनुसार वाटलेली असत. डेकवर कोकणचे मुसलमान खलाशी, सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती, आणि संडास धुणारा ‘टोपास’ बहुधा भंगी समाजातला. इंग्रज बोटींनी घालून दिलेली ही रीत देशी जहाजवाहतुकीने मोडून काढली असे दिसत नाही. भारतीय तरुणांना अधिकारी करण्यासाठी १९२७ साली ‘डफरिन’ हे प्रशिक्षण-जहाज मुंबईला सुरू झाले, ते स्वदेशीच्या रेट्यामुळे. टोपासाच्या मुलाने डफरिनवर जावे, ही मागणी त्या रेट्यात नव्हती.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. आपली टीका यंत्राविरुद्ध नाही. चरख्याची भाबडी भक्ती आपल्या परंपरेत बसत नाही. बाबासाहेबांनी १९१८ सालीच शेतीच्या तुकड्यांवरील निबंधात सांगितले होते की शेतीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांनीच हलका होईल. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. आमच्या भागातून मुंबईला जाणाऱ्या माणसाला मनमाड टळत नाही. निजामाच्या काळातला गोदावरी-खोऱ्याचा फाटा तेथूनच परभणी, पूर्णा, नांदेडकडे येतो. त्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ते वाक्य आपण भिंतीवर लिहितो, पण त्याच भाषणातील बारीक तपशील विसरतो. अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच का राहतो? त्याला पोर्टर का करीत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि तेथे विटाळ आडवा येतो. बढतीची शिडी स्वयंपाकघरातून जात होती! रेल्वे कोणी बांधली, यापेक्षा रेल्वेत कोण कोठे थांबवला गेला, हे पाहणारी ही दृष्टी आहे. आणि म्हणूनच १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे सुचवले. वालचंदांना राज्याचे संरक्षण हवे होते, पण मालकी स्वतःची. हा फरक लहान नाही.

कंत्राटदारी हेच पाप आहे, असेही मला म्हणायचे नाही. जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण यांच्याशी त्यांचा संबंध होता. मुंबईत रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळोजी कालेवार या तेलुगू कंत्राटदारांनी सत्यशोधक समाजाला बळ दिले. पण जोतीरावांनी त्या धंद्यात काय पाहिले? इंजिनियर खात्यातील कारकून मजुराची हजेरी कशी खातो, हे पाहिले आणि त्यावर पद्य रचले. कंत्राटदाराच्या चरित्रात मजूर कसा आणावा याचा वस्तुपाठ आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच तयार होता. मराठी चरित्रकारांना तो घ्यावासा वाटला नाही.

साखरेच्या मळ्यांविषयी थोडेच लिहितो. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर खाजगी कारखान्यांच्या ऊसमळ्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या आणि त्यासाठी १९६३ साली शेती महामंडळ निघाले. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच काळात. पुढे खंडाने जमीन दिलेल्या मूळ मालकांना ती परत देण्याची तरतूद झाली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या मळ्यांत पाणी धरले, त्या भूमिहीन कामगारांना घरापुरत्या दोन गुंठ्यांसाठी मोर्चे काढावे लागले. ‘उजाड माळावर नंदनवन फुलवले’ हे वाक्य वालचंदनगरविषयी हमखास येते. फुलवले, हे क्रियापद एकवचनी कर्त्याचे नाही.

या एकवचनाला मराठीत खरे उत्तर दिले ते दलित आत्मकथनांनी. दया पवारांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) बाप गोदीत काम करतो. नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’मधील (१९९३) दामू आधी जी. आय. पी. रेल्वेत आणि नंतर मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये राबतो. म्हणजे रेल्वे आणि बंदर, वालचंद-कथेची दोन्ही अंगे, येथे खालून दिसतात. या पुस्तकांतला ‘मी’ एकटा वर येत नाही. त्याच्यामागे आई असते, वस्ती असते, जलसा असतो, बाबासाहेबांची सभा असते. कोणी फी भरली, कोणी भाकर दिली, हे सारे नावानिशी येते. मोठे होण्याचा हिशेब उघड्यावर मांडण्याची ही रीत मराठी गद्याला दलित लेखकांची देणगी आहे.

आणि नेमकी तीच रीत आपण आता सोडू लागलो आहोत, ही माझी काळजी आहे. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना स्थापन झाली. २०१२ साली केंद्र सरकारने सार्वजनिक खरेदीतील ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घेण्याचे धोरण आखले. याचे मी स्वागत करतो. कचेरीची पायरी आपल्या माणसाने चढलीच पाहिजे, आणि हे ४ टक्के म्हणजे हाजींच्या विधेयकाचेच वंशज आहेत. पण आपल्या उद्योजकांवर जी पुस्तके आणि पुस्तिका निघत आहेत, त्या वाचून पाहा. पुन्हा तेच शून्य, तीच जिद्द, तोच एकटा नायक. आरक्षणातून मिळालेली शिष्यवृत्ती एका ओळीत येते. झोपडपट्टीतील शेजारीण, जिने दागिना गहाण ठेवला, ती ‘एका शुभचिंतकाने’ होऊन जाते. आणि कारखान्यातील कामगार? तो कोणत्या जातीचा आहे, त्याला किमान वेतन मिळते काय, त्याची संघटना आहे काय, हे कोणी विचारीत नाही. प्रस्थापितांचा साचा आपल्या मापाचा करून घेतला की तो आपला होतो, असे या लेखकांना वाटते काय?

माझ्या वर्गात मी यंदा वेगळा प्रयोग सुरू केला आहे. मुलांना वालचंदांचे चरित्र वाचावयास दिले आणि सोबत एक काम दिले. पूर्णा जंक्शनच्या वस्तीत जाऊन निवृत्त गँगमन आणि खलाशी यांच्याशी बोलायचे. कोणत्या साली लागलात, कोणाच्या ओळखीने, पहिला पगार किती, बढती कधी मिळाली, कधी नाकारली, लहान रूळ काढून मोठे रूळ टाकले तेव्हा माती कोणी उचलली, मुकादम कोण होता. मुलांनी आतापर्यंत अकरा वह्या भरल्या आहेत. त्यांतल्या चार वह्यांत मुलांच्याच आजोबांची नावे निघाली.